नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरची रात्र: घरादारानं मिळून करायची तयारी

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की पोट्ट्यांना कुठं न्यायचं, हा प्रश्न घरोघरी येतो. सकाळी दहानंतर ऊन डोळ्यावर येतं, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि मॉलमध्ये गेलं की दोन तासांत खिसा रिकामा होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: जिना चढा आणि गच्चीवर जा. आठवड्यातली एक रात्र सगळ्यांनी मिळून वर जेवायचं, खेळायचं, तारे बघायचे आणि तिथंच झोपायचं. कूलर नव्हते तेव्हा नागपूरकर उन्हाळाभर अंगणात नाहीतर गच्चीवरच झोपायचे. कूलर आले, मग एसी आले, आणि जो तो आपापल्या खोलीचं दार लावून झोपू लागला. गच्चीवर आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळे एका ओळीत येतात. तो आनंद घरात मिळत नाही.

पण ही रात्र आयती जमत नाही. जेवणं आटोपून नऊ वाजता गाद्या उचलल्या, तर वर तापलेला स्लॅब, डास आणि कुरकुर एवढंच हाती लागतं. तयारी दुपारी चारला सुरू करायची.

दिवस कोणता निवडायचा

मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळं दिवसा कितीही तापलं तरी रात्री उशिरा वारा सुटला की अंगाला गार लागतो. मे संपत आला की नवतपा लागतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हापासूनचे हे नऊ दिवस. त्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत भिंतीसुद्धा गरम असतात. तेव्हा वर जायचंच असेल तर अकरानंतर जा, किंवा जेवण आणि खेळ वर करून झोपायला खाली या. हवामान खातं अंदाजात 'उष्ण रात्र' असा इशारा देतं. दिवसाचा पारा ४० अंशांच्या वर आणि रात्रीचं तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा हा शब्द वापरतात. असा इशारा असेल त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना खाली कूलरमध्येच झोपू द्या.

चंद्राकडेही बघा. तारे बघायचे असतील तर अमावस्येच्या आसपासची रात्र, खेळायचं असेल तर पौर्णिमेच्या आसपासची. वैशाखातली बुद्ध पौर्णिमा मात्र मी कधीच सोडत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आधी गच्ची तपासा

हे काम दिवसाउजेडी करायचं, आणि मोठ्या माणसानंच. कठडा लहान मुलाच्या डोक्याच्या बराच वर हवा. त्याच्याजवळ खुर्ची, वीट, जुनी बादली असं पाय ठेवून चढण्यासारखं काही नको. जुन्या वस्त्यांत, महाल-इतवारीकडे, विजेच्या तारा गच्चीच्या अगदी जवळून जातात. त्या बाजूला अंथरूण नको, मच्छरदाणीच्या काठ्या तर नकोतच. पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट आहे ना बघा. जिन्यातला दिवा लागतो का बघा, कारण रात्री दोन वाजता कुणालातरी बाथरूमला जायचंच असतं. आणि वरच्या दाराची कडी बाहेरून लागणार नाही अशी सोय करा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्ची सगळ्यांची असते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगावं. त्याहून चांगलं म्हणजे दोन-तीन घरांनी मिळून बेत करावा. मुलांना सवंगडी मिळतात आणि तक्रार करणारेही आपल्यातच येऊन बसतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी गच्चीवर स्पीकर नकोच. तिथं गायचं ते आपल्या गळ्यानं.

स्लॅब गार करायचा

सगळी मेख इथं आहे. काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि सूर्य गेल्यावर कितीतरी तास ती सोडत राहतं. म्हणून हवा गार झाली तरी पाठ भाजते. पाणी टाकलं की ते उडून जाताना स्लॅबमधली उष्णता सोबत नेतं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं. आपल्याकडे कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारणही हेच.

मेमध्ये नागपुरात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. ऊन कलल्यावर, साडेपाचच्या सुमारास गच्ची झाडून घ्या. धूळ राहिली तर पाणी पडल्यावर चिखल होतो. सूर्य मावळला की पहिला सडा टाका. हे पाणी बघता बघता उडतं, वाफ तोंडावर येते, तेव्हा चपला घालूनच मुलांना वर सोडा. अर्ध्या-पाऊण तासानं दुसरा सडा, आणि साडेआठच्या आसपास हलका तिसरा. तिसऱ्या वेळी बादली ओतायची नाही, हातानं शिंपडायचं. जिथं झोपायचं तेवढ्याच जागेला पाणी द्या. दोन खोल्यांएवढ्या जागेला तिन्ही वेळा मिळून चार-पाच बादल्या पुरतात. त्यासाठी प्यायचं पाणी वापरू नका. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी दोन दिवस साठवलं, आणि कूलरची टाकी रिकामी करताना निघणारं पाणी त्यात धरलं, की भागतं. टाकी तशीही आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करायलाच हवी, कारण डेंग्यूचे डास तिथंच अंडी घालतात.

सडा टाकणं हे काम पोरांचं. त्यात वाटेकरी नको. एकानं बादली, एकानं मग, आणि सगळ्यांत धाकट्याकडे झाडांचा झारा. भिजतील, भिजू द्या.

अंथरूण

तिसरा सडा वाळल्यावरच अंथरूण टाकायचं. ओल्या स्लॅबवर गादी टाकली तर खालून दमट होते आणि कुबट वास धरते. खाली चटई किंवा प्लॅस्टिकची ताडपत्री, त्यावर सतरंजी, त्यावर पातळ गादी, वर सुती चादर. फोमची गादी नको, ती पाठीशी उष्णता धरून ठेवते. कापसाचीच बरी. चादरी साडेसात-आठला अंथरून उघड्या ठेवल्या की दहापर्यंत छान गार होतात, पण ही युक्ती खाटेवर किंवा दोरीवर करायची, ओल्या जमिनीवर नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बाज नाहीतर फोल्डिंगची खाट वर न्या. जमिनीवरून उठणं त्यांना जड जातं, आणि त्या एका अडचणीपायी आजी-आजोबा "तुम्हीच जा बाप्पा" म्हणून खाली राहतात. बाजेला चारही कोपऱ्यांना काठ्या बांधून मच्छरदाणीही छान लागते. जमिनीवरच्यांसाठी घडी उघडून उभी राहणारी मच्छरदाणी मिळते, ती घ्या. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची पद्धत जुनी आहे, पण घरात कुणाला दमा असेल तर तो करू नका.

ओळ लावताना पोरं मध्ये, मोठी माणसं दोन्ही टोकांना आणि जिन्याच्या बाजूला. प्रत्येकाच्या उशाशी एक पातळ पांघरूण ठेवा. पहाटे चारला लागतंच, आणि तेव्हा खाली जाऊन आणायला कुणी उठत नाही.

जेवण: एकाच पातेल्यात मावेल असं

वर नेण्यासाठी आपल्या नागपूरच्या गोळाभातासारखं दुसरं जेवण नाही. पोळ्या कोरड्या पडतात, रस्सा जिन्यात सांडतो. गोळाभाताचं एक पातेलं नेलं की झालं.

चार-पाच माणसांना दोन वाट्या तांदूळ घ्या. एक वाटी हरभऱ्याची डाळ दुपारी तीन-चार तास भिजवा, निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा. अगदी गंध करू नका, दाताखाली डाळ आली पाहिजे. त्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ, बारीक चिरलेला भरपूर सांभार (म्हणजे कोथिंबीर) घाला. मग दोन चमचे तेल कडकडीत तापवून त्यावर ओता. हे मोहन नसेल तर गोळा घट्ट होतो आणि घशात बसतो. निंबाएवढे गोळे वळा. भात नेहमीसारखा मोकळा लावा, आणि वरचं पाणी दिसेनासं होऊन भाताला भोकं पडली की गोळे हलक्या हातानं वर ठेवा. झाकण घाला आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं वाफ येऊ द्या. गोळ्यात सुरीचं टोक घातल्यावर ते कोरडं निघालं की झालं.

खायची रीत अशी: ताटात भात, त्यावर गोळा कुस्करायचा आणि वरून फोडणीचं तेल. मोहरी, हिंग आणि सुक्या लाल मिरच्यांची ही फोडणी वेगळ्या वाटीत न्यायची. सोबत चिंचेचं सार, ते झाकणाच्या डब्यात. पोरांसाठी फोडणी मिरच्या न घालता वेगळी करा. वाळवणाचे दिवस असतात, तेव्हा तळलेल्या कुरोड्या आणि पापड डबा भरून न्या.

पन्ह्याचा गर दोन दिवस आधी करून ठेवता येतो. कैऱ्या उकडण्यापेक्षा जाळीवर भाजून बघा, साल काळी पडेस्तोवर. त्याला जो धुरकट वास येतो त्याची सर उकडलेल्या कैरीला नाही. एक वाटी गराला दीड वाटी गूळ, मीठ, वेलची, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. वर गेल्यावर एक भाग गराला चार भाग माठातलं पाणी. माठ दुपारीच भरून वर जिन्याच्या सावलीत, विटांवर ठेवावा आणि भोवती ओलं फडकं गुंडाळावं. टरबूज कापून न्यायचं नाही. अख्खं न्यायचं, वर कापायचं, बिया कुणाच्या किती लांब जातात ते बघायचं. सकाळी त्या वेचायचं काम ज्याची सर्वांत लांब गेली त्याचं.

मोबाइल खाली, खेळ वर

एक मोबाइल वर असू द्या, मोठ्यांपैकी एकाजवळ, अडीअडचणीला. बाकीचे खाली चार्जिंगला. हा नियम मोठ्यांनी पाळला तरच पोरं पाळतात.

जेवणानंतर अंधार पडलेला असतो. पत्ते वाऱ्यानं उडतात, म्हणून ते खाली बसून, चिमटे जवळ ठेवून खेळा: सत्तीलावणी, मेंढीकोट, झब्बू. चिंचोके असतील तर खडूनं फरशीवर पट आखून अष्टचंगा. भेंड्या तर हव्यातच. आजी-आजोबांची टीम बहुधा जिंकते, आणि त्यांना तसं जिंकू द्यायची गरजही पडत नाही. जिन्याच्या भिंतीवर टॉर्च मारून हातांच्या सावल्यांची नाटकं होतात. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही.

मला सांगायचा आहे तो मचाणाचा खेळ. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबा, पेंच अशा विदर्भातल्या जंगलांत लोक पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसतात आणि पाण्यावर येणारे प्राणी रात्रभर चंद्रप्रकाशात बघून लिहून ठेवतात. तेच आपण गच्चीवर करायचं. त्याच रात्री करा, किंवा कुठल्याही चांदण्या रात्री.

प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल. टॉर्चवर लाल पातळ कागद बांधा, म्हणजे डोळे दिपत नाहीत. अर्धा तास सगळ्यांनी गच्चीच्या चार बाजूंना पाठीला पाठ लावून बसायचं, बोलायचं नाही, आणि जे दिसेल, ऐकू येईल ते वेळेसकट लिहायचं. पहिली पाच मिनिटं पोरांना काहीच ऐकू येत नाही. मग हळूहळू कान उघडतात. दूर मोकळ्या प्लॉटवर टिटवी ओरडते. पिंगळ्याची जोडी कचाकचा भांडते. मोठी वटवाघळं पिंपळ-उंबराकडे संथ पंख मारत जातात आणि बारकी वटवाघळं दिव्याभोवती गिरक्या घेतात, त्या दोन्हींतला फरक एकदा कळला की मूल विसरत नाही. मांजर कठड्यावरून जातं. रेल्वेची शिट्टी ऐकू येते आणि ती कोणत्या बाजूनं आली यावर वाद होतो. तो वाद नंतर घालायचा. अर्धा तास झाला की सगळ्यांचे कागद एकत्र करून एक यादी बनवा, तारीख टाका आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी बसून ताडून बघता येईल. शहाणपणा शिकवायचा नाही, नावं चुकली तर लगेच सुधारायची नाहीत. मूल जे लिहील ते लिहू द्या: 'काळं, उडणारं, आवाज नाही' ही नोंदसुद्धा उत्तम आहे.

आकाश वाचायचं

शहराच्या उजेडात आकाशगंगा दिसत नाही, पण ठळक तारे भरपूर दिसतात. मेच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करा. सप्तर्षी उंचावर असतात. त्यातले पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांतल्या अंतराच्या पाचपट पुढे जा, तिथं ध्रुव. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. नागपूर २१ अंशांवर आहे आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. म्हणजे क्षितिजावर एकावर एक दोन मुठी रचल्या की ध्रुव सापडतो. पोरांना ही युक्ती फार आवडते, कारण मोजायला स्वतःचाच हात लागतो.

सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधूक अरुंधती. कुणाला दिसते बघा. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती लागते आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. अकराच्या सुमारास पाठीवर पडून बघाल तर स्वाती जवळजवळ नाकासमोर, डोक्यावर असते. नागपूरचा अक्षांश आणि तिचा मार्ग यांत दोनच अंशांचा फरक आहे. दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर नऊच्या आसपास क्षितिजालगत त्रिशंकूही दिसू शकतो. धुळीमुळं हुकतो, पण बघून ठेवा. आग्नेयेला वृश्चिक वर चढत असतो, त्याच्या छातीतली लालसर ज्येष्ठा ओळखणं सोपं आहे.

डोक्यावरून विमानं सारखी जातात, देशाच्या मध्यावर असल्यामुळं कितीतरी हवाई मार्ग आपल्यावरूनच आहेत. लुकलुकतं ते विमान. न लुकलुकता, एकसारख्या वेगानं सरकतो तो उपग्रह, आणि तो बहुतेक संध्याकाळी नाहीतर पहाटेच दिसतो, कारण तेव्हा खाली अंधार असला तरी वर त्याच्यावर ऊन पडलेलं असतं.

ही गोडी लागली तर रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणाचा बेत पुढच्या सुटीत करा. आणि २६ मेच्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, टोपी घालून दहाच मिनिटं वर जा. सपाट जागेवर स्टीलचा उभा पेला ठेवा. सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि पेल्याची सावली नाहीशी होते. जुलैच्या मध्यात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

वादळ आलं तर

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक अंधारून येतं, धूळ उठते आणि विजा सुरू होतात. इथं घरातल्या मोठ्यांनी एक नियम आधीच सांगून ठेवावा: पहिला गडगडाट ऐकला की सगळे खाली, आणि अंथरुणं राहिली तर राहू द्यायची. गादी भिजली तर वाळते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर जायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे मोफत ॲप आहे, जवळपास वीज पडत असेल तर ते सावध करतं. वर ठेवलेल्या त्या एका मोबाइलमध्ये ते घालून ठेवा. खाली आल्यावर खिडकीतून खेळ चालू ठेवता येतो: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीननं भागा, वीज साधारण तितके किलोमीटर दूर.

पहाट

मेमध्ये साडेपाचच्या आसपास सूर्य उगवतो आणि सातला गच्चीवर थांबवत नाही. पाचलाच उठा. दयाळ आणि कोकीळ तुम्हाला झोपू देणारही नाहीत. मच्छरदाण्या झटकून घड्या घाला, चादरी धुवायला काढा. गाद्या मात्र थोडा वेळ उन्हात उलटसुलट करून मगच खाली न्या, आणि माठ रिकामा करून पालथा घाला. प्रत्येकानं स्वतःचं अंथरूण स्वतः खाली न्यायचं, धाकट्यानं उशी तरी.

हे सहाच्या आत आटोपलं तर उन्हाआधी दोन तास हाताशी राहतात. सेमिनरी हिल्सला झाडीतून एक चक्कर, नाहीतर अंबाझरीच्या काठानं. परतताना तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या परिसरात पहाटेपासून गाड्या लागतात, आणि तुमच्या वस्तीतली नेहमीची टपरी असेल तर तीच सगळ्यांत चांगली. पोरांच्या पोह्यांवर हरभरे घ्यायचे पण तर्री बाजूला मागायची, म्हणजे ज्याला जेवढी झेपते तेवढीच पडते. वर कच्चा कांदा, निंबू, शेव. आठच्या आत घरी या, आंघोळी करा आणि पडदे ओढून घ्या. दुपारी सगळे दोन तास झोपतील.

जूनमध्ये हवा दमट झाली की हा बेत आपोआप बंद होतो. सडा टाकलेलं पाणी तासभर तसंच साचून राहू लागलं की समजावं, यंदापुरतं संपलं. त्या दिवशी ताडपत्री धुऊन, पूर्ण वाळवून, मच्छरदाणीच्या काठ्या तिच्यातच गुंडाळून माळ्यावर टाका.